शेजारी जादा मजला चढतोय? तक्रार अशी करा की नोटीस निघेल

शेजारच्या प्लॉटवर हिरवी जाळी लागते, सळ्यांचा टेम्पो उतरतो आणि तीन मजल्यांची परवानगी असलेल्या इमारतीवर चौथ्याचं सेंट्रिंग उभं राहायला लागतं. बहुतेक लोक अशा वेळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतात, नाहीतर नगरसेवकाला फोन लावतात. या दोन्हींतून आवक क्रमांक मिळत नाही, आणि ज्या तक्रारीला आवक क्रमांक नाही ती पालिकेच्या लेखी झालेलीच नसते.

त्याहून मोठी चूक वेळेची. काम चालू असताना ते थांबवायला एक कनिष्ठ अभियंता आणि एक नोटीस पुरते. तिथे कुटुंबं राहायला आली, वीजमीटर बसला, मालमत्ता कर लागला, की त्याच मजल्यासाठी पोलीस बंदोबस्त, पर्यायी निवारा आणि न्यायालयातली तारीख हे सगळं जमवावं लागतं. शिवाय १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळ्याच्या काळात राहती घरं सहसा पाडत नाहीत, म्हणजे वर्षातले चार महिने गेलेच. म्हणून सेंट्रिंग लागल्यापासून स्लॅब पडेपर्यंतचे दिवस सगळ्यांत मोलाचे. बांधणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. शुक्रवारी संध्याकाळी खडी-वाळू उतरली आणि सोमवारी सुट्टी असली, तर स्लॅब रविवारी पडणार असं खुशाल धरून चाला.

तक्रारीआधी एक गोष्ट तपासा: या कामाला खरंच परवानगी लागते का? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ (पुढे नुसतं एमआरटीपी म्हणतो) याच्या कलम ४३ नुसार ‘विकास’ करायला परवानगी लागते; पण देखभाल, डागडुजी किंवा इमारतीच्या बाह्य स्वरूपात फारसा फरक न पाडणारे आतले बदल त्यातून वगळले आहेत. फरशी बदलणं, प्लास्टर, रंग, गळती काढणं हे या वगळलेल्या कामांत आलं. कॉलम-बीमला हात लावणं, गच्चीवर खोली काढणं, पार्किंगच्या जागेत गाळा काढणं, सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) खोली बांधणं हे त्यात बसत नाही. शेजाऱ्याच्या बाथरूमच्या टाइल्सवर तक्रार केलीत, तर पुढची खरी तक्रारही ‘हे नेहमीचेच’ म्हणून बाजूला पडते.

मग प्राधिकरण कोणतं ते बघा. इथेच निम्म्या तक्रारी वाट चुकतात. महापालिकेच्या हद्दीतली प्रत्येक जागा महापालिकेच्या अखत्यारीत असतेच असं नाही. एमआयडीसीच्या भूखंडावर एमआयडीसी, सिडकोच्या क्षेत्रात सिडको, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एसआरए, मुंबईत म्हाडाच्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) म्हाडा, पुण्याच्या भोवतालच्या गावांत पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. खेड्यात गावठाणाच्या आत ग्रामपंचायत आणि बाहेर जिल्हाधिकाऱ्यांची यंत्रणा. नवी मुंबईतल्या गावठाणांलगत तर सिडको आणि महापालिका यांच्यात पत्रांचा झिम्मा चालतो. शंका असेल तर एकच तक्रार दोन्हीकडे द्या आणि प्रत्येक अर्जात दुसऱ्याला प्रत दिल्याचं लिहा. ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर आलं तर लेखी घ्या. तेच पत्र पुढच्या कार्यालयात तुमच्या कामाला येतं.

महापालिकेतही दोन दारं असतात. परवानगी घेऊन तिच्याबाहेर जाणारं काम बहुधा बांधकाम परवानगी किंवा नगररचना विभागाकडे. परवानगीच नसलेलं काम प्रभाग कार्यालयाकडे, म्हणजे तिथल्या अतिक्रमण किंवा अनधिकृत बांधकाम विभागाकडे. प्रत्येक प्रभागासाठी पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे अशा बांधकामांवर कारवाईसाठी ठरवून दिलेला अधिकारी, नेमलेला असतो. त्याच्या पदनामानेच अर्ज करा. ‘मा. आयुक्त’ यांच्या नावे दिलेला अर्ज टपालातून खाली उतरेपर्यंत स्लॅब पडून जातो. आयुक्तांना प्रत द्या, मूळ अर्ज नाही.

आता कागद. तुमच्या हातात मंजूर नकाशा असेल तर तुमची तक्रार नुसती कुरकुर राहत नाही. बऱ्याच महापालिकांच्या संकेतस्थळावर बांधकाम परवानग्या शोधता येतात. प्रकल्प महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेला असेल, तर तिथे मंजुरीची कागदपत्रं चढवलेली असतात. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बांधकाम चालू असेपर्यंत मंजूर नकाशा जागेवर दिसेल असा लावणं बंधनकारक केलं आहे. फाटकाशी तो नसेल, तर तक्रारीत हेही एक वाक्य येऊ द्या.

नकाशा कुठेच मिळाला नाही तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द, अशी मर्यादा आहे. कहाणी लिहू नका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि एवढंच मागा: अमुक सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबरवरील बांधकाम परवानगीचा क्रमांक व दिनांक, प्रारंभ प्रमाणपत्र कुठल्या टप्प्यापर्यंत दिलं आहे, मंजूर नकाशाची साक्षांकित प्रत, जोते तपासणीचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र दिलं असल्यास त्याची प्रत. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नकाशाची प्रत नाकारण्याकडे कल असतो, म्हणून त्याच अर्जात फाइलच्या प्रत्यक्ष अवलोकनाचीही मागणी करा. उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील. मात्र उत्तराची वाट बघत तक्रार अडवून ठेवू नका. तक्रार आज करा, माहिती अधिकाराचा अर्जही आजच.

प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे सगळे ज्याला सीसी म्हणतात त्याची, ओळ नीट वाचा. ते बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने मिळतं: आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांसाठी. ‘सीसी आहे’ हे बिल्डरचं म्हणणं खरं असूनही तिसरा मजला बिनपरवाना असू शकतो. तारीखही बघा. कलम ४८ प्रमाणे परवानगी एक वर्षाची असते आणि मुदतवाढीसह एकूण चार वर्षांपर्यंत जाते.

तक्रारीत काय लिहायचं? बहुतेक अर्ज ‘आमच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर अनधिकृत बांधकामे सुरू असून…’ असे सुरू होतात आणि तिथेच मरतात. अभियंत्याला जागेवर जाऊन पंचनामा करायचा असतो. त्याला जागा सापडली पाहिजे आणि काय मोजायचं ते कळलं पाहिजे. अर्जाचा गाभा असा असावा:

‘सिटी सर्व्हे नं. …, … रोड, … मंदिराच्या मागे. मंजूर नकाशा क्र. …, दि. … नुसार तळमजला अधिक तीन मजले. प्रत्यक्षात दि. … रोजी चौथ्या मजल्याचे सेंट्रिंग चालू आहे. पूर्व बाजूस नकाशात ३.०० मीटर सामासिक अंतर असून जागेवर अंदाजे १.२० मीटर दिसते. सोबत सहा छायाचित्रे, दिनांकासह. एमआरटीपी कलम ५४ नुसार काम तात्काळ थांबवून कलम ५२ व ५३ नुसार कार्यवाही व्हावी, स्थळपाहणीचा अहवाल मिळावा.’

एवढंच. शेजाऱ्याचा स्वभाव, जुनं भांडण, कोणी किती पैसे खाल्ले हे एका शब्दानेही नको. ते लिहिलं की तुमची तक्रार ‘वैयक्तिक वाद’ ठरते आणि दप्तरी दाखल होते.

फोटो घेताना एक लांबून, ज्यात शेजारच्या ओळखीच्या इमारतीसह सगळे मजले मोजता येतील; एक जवळून, ज्यात सळ्या, प्रॉप आणि ताजं काँक्रीट दिसेल; आणि दर दोन दिवसांनी त्याच जागेवरून, त्याच कोनातून एक. ही मालिका पुढे फार उपयोगी पडते, कारण ‘हे बांधकाम जुनं आहे’ हाच पहिला बचाव असतो. दुसऱ्याच्या आवारात शिरून मोजमाप करू नका. आपल्या गच्चीतून किंवा रस्त्यावरून दिसेल तेवढंच अंदाजे लिहा, आणि ‘अंदाजे’ हा शब्द ठेवा.

अर्ज स्वतः नेऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ऑनलाइन तक्रारही जरूर करा, पण ती ‘संबंधितांना कळवले’ एवढ्यावर बंद होते असा सर्वसाधारण अनुभव. ती जोडीला ठेवा, तिच्यावर विसंबू नका. नाव गुप्त राहील अशी खात्री मात्र कोणी देऊ शकत नाही. फाइलमधला अर्ज समोरच्यापर्यंत पोचतोच. भीती वाटत असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर ठराव करून द्या किंवा दहा-बारा जणांच्या सह्या घ्या.

पुढे कलमांची भाषा सुरू होते. ती थोडी कळली की फाइल कुठे अडली ते ओळखता येतं. कलम ५२ शिक्षेचं: किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, आणि दोन ते पाच हजार रुपये दंड. आजच्या बांधकाम खर्चात हा दंड म्हणजे एका खोलीच्या रंगकामाचाही नाही, त्यामुळे त्याची धास्ती कोणाला वाटत नाही. वाटते ती पाडण्याची. ते कलम ५३. परवानगीच नसेल तर एक पोटकलम, परवानगी आहे पण काम नकाशाबाहेर गेलं असेल तर दुसरं. पहिल्यात कायद्याने २४ तासांची पूर्वसूचना सांगितली आहे, दुसऱ्यात किमान एक महिना. कलम ५४ चालू काम थांबवण्याचं, ५५ तात्पुरत्या स्वरूपाच्या, म्हणजे बांबू-पत्र्याच्या बांधकामाचं. महापालिका अधिनियम १९४९ मध्ये कलम २६० आणि ४७८ ही समांतर हत्यारं आहेत, तर मुंबईत १८८८ च्या अधिनियमातली ३५१ आणि ३५४-अ. पक्क्या आरसीसी मजल्याला ५५ ची नोटीस दिलेली दिसली तर समजा, ती नोटीस न्यायालयात टिकणार नाही. ही चूक दरवेळी अजाणतेपणी होते असंही समजू नका.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर हे २४ तासांचं गणित बदललं आहे. आता नोटीस नोंदणीकृत टपालाने द्यायची, शिवाय बांधकामावर चिकटवायची. ती मिळाल्यापासून किमान १५ दिवस द्यायचे, वैयक्तिक सुनावणी घ्यायची, कारणांसह अंतिम आदेश काढायचा आणि आदेशानंतर पुन्हा १५ दिवस थांबायचं. जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेलने कळवायचं, पाडकामाचं चित्रीकरण करायचं. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय इथल्या अनधिकृत बांधकामांना आणि न्यायालयाने पाडायला सांगितलेल्यांना हे संरक्षण नाही. तक्रारदारांना यात दिरंगाई दिसते. पण या पायऱ्या नीट पाळलेली कारवाई स्थगितीत सहसा अडकत नाही, हे लक्षात घ्या. आणि काम थांबवण्याच्या नोटिशीला या पंधरा दिवसांचा अडसर नाही, कारण तिच्यात काही पाडायचंच नसतं. म्हणून मागणीत ५४ पहिलं लिहायचं.

फाइल कुठे-कुठे अडकते? स्थळपाहणीला गेलं तेव्हा ‘काम बंद आढळले’, हा शेरा सर्वांत लोकप्रिय. काम बंद असलं तरी बांधलेला भाग अनधिकृतच राहतो. तेव्हा लेखी विचारा की मोजमाप घेतलं का, नकाशाशी पडताळलं का. दुसरी जागा नोटिशीतल्या तपशिलाची. मालकाचं नाव चुकीचं, बांधकामाचं क्षेत्र लिहिलेलं नाही, ‘वाढीव बांधकाम’ एवढंच वर्णन. अशी नोटीस दिवाणी न्यायालयात गेली की ‘जैसे थे’ आदेश मिळतो आणि त्या आदेशाच्या आडून उरलेलं प्लास्टर पूर्ण होतं. नोटीस निघाल्याबरोबर पालिकेच्या विधी विभागाला अर्ज देऊन कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा न्यायालयातला अर्ज, दाखल करायला सांगा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली ते ९० दिवस चालतं. दावा दाखल झालाच, तर तुमच्या हवा-उजेडावर थेट परिणाम होत असल्यास पक्षकार म्हणून सामील करून घेण्याचा अर्ज वकिलामार्फत करता येतो.

तिसरी जागा बंदोबस्ताची. ‘पोलीस बंदोबस्त उपलब्ध न झाल्याने कारवाई पुढे ढकलण्यात आली’ हे वाक्य वर्षभर चालतं. मागणीपत्र पोलिसांना कोणत्या तारखेला गेलं, त्याची प्रत माहिती अधिकारात मागा. पुष्कळदा पत्र गेलेलंच नसतं.

चौथा प्रकार पाहण्यासारखा आहे. ब्रेकरने स्लॅबला चार-पाच भोकं पाडतात, फोटो काढतात, ‘निष्कासन कारवाई केली’ असा अहवाल लागतो. सळ्या जागच्या जागी असतात. आठवड्याभरात भोकं बुजवून वर फरशी बसते. कारवाईनंतर दोन-तीन दिवसांत स्वतः फोटो घ्या, बीम आणि कॉलम शाबूत आहेत का ते दाखवा, आणि ‘अर्धवट निष्कासन’ या विषयाने नवा अर्ज द्या.

गुन्हा दाखल करण्याचंही नेमकं समजून घ्या. एमआरटीपीखालच्या खटल्याला कलम १४२ नुसार नियोजन प्राधिकरणाची पूर्वमंजुरी लागते. त्यामुळे तुम्ही थेट पोलीस ठाण्यात गेलात तर ‘पालिकेकडून पत्र आणा’ हे उत्तर चुकीचं नाही. फिर्याद पालिकेच्या अधिकाऱ्याने द्यायची. तुम्ही ती द्यायला लावायची. कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

वर जायचं तर क्रमाने जा. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, त्यात जुना आवक क्रमांक. मग उपायुक्त. मग लोकशाही दिन. जिल्हा पातळीवर तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. उच्च न्यायालयात रिट करायची वेळ आली, तर तिथे पहिला प्रश्न हाच येतो की प्राधिकरणाकडे दाद मागितली होती का. तारखांची ही माळ तेव्हा उपयोगी पडते.

आता नाण्याची दुसरी बाजू. नोटीस तुमच्याच नावाने आली तर? घ्यायला नकार देऊ नका. चिकटवलेली नोटीसही बजावलीच गेली असं धरतात, फक्त तुमचे दिवस कमी होतात. मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि सोबत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, जुन्या कर आकारणीचा उतारा जोडा. मुंबईत निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचं आणि अनिवासी १ एप्रिल १९६२ पूर्वीचं असल्याचा पुरावा असेल, तर ते सहन केलेलं बांधकाम म्हणून वेगळ्या गटात जातं.

बांधकाम नियमात बसण्यासारखं असेल, तर कलम ५३(३) चा रस्ता खुला आहे: नोटिशीच्या मुदतीतच वास्तुविशारदामार्फत कलम ४४ खाली, बांधकाम कायम ठेवण्याचा अर्ज. अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. नाकारला गेला तर कलम ४७ खाली शासनाकडे ४० दिवसांत अपील. पण आधी वास्तुविशारदाकडून खरं उत्तर घ्या. शिल्लक एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र) असेल, सामासिक अंतरं सुटत असतील, तर शुल्क भरून नियमित होतं. आरक्षणाच्या जागेवर, डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्यात, निळ्या पूररेषेच्या आत किंवा पार्किंग खाऊन केलेलं असेल, तर अर्ज म्हणजे नुसती फी भरणं. मुंबईबाहेर बहुतांश राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि जुन्या नियमांपेक्षा तिच्यात एफएसआय काही ठिकाणी वाढलेला आहे. त्यामुळे २०२० आधी नाकारलेलं प्रकरण पुन्हा तपासून घ्यायला हरकत नाही. गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी विकलेल्या भूखंडांवरच्या, घरांसाठी २००१ चा वेगळा अधिनियम आहे, आणि दुरुस्तीनंतर त्यात ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं येतात.

‘आम्ही कर भरतो, मग अनधिकृत कसं?’ हा युक्तिवाद मात्र करू नका. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराखेरीज शास्ती, म्हणजे दंड, आहे, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही असं त्याच कलमात लिहिलं आहे. पिंपरी-चिंचवडकरांना हा शास्तीकर वेगळा सांगायला नको.

घर विकत घेणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण ती टाळू नका: बिल्डरने दिलेली सीसीची झेरॉक्स घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा आणि तो क्रमांक त्यांच्या नोंदवहीत आहे का ते विचारा. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं. महारेराच्या पानावर नाव दिसतंय एवढ्यावर तिथल्या कुटुंबांनी कर्ज काढून घरं घेतली होती. याउलट, अशी तपासणी करायला लागतो एक फेरा आणि अर्धा दिवस.

परत शेजारच्या चौथ्या मजल्याकडे. तो पाडला गेला, तरी आपली फाइल बंद करू नका. पाडलेल्या जागी कॉलमच्या सळ्या वर तोंड करून सोडलेल्या दिसल्या, तर त्या कापून घ्यायला लावा, तसं पत्र द्या आणि पंचनाम्यात त्यांची संख्या लिहून घ्या. सळ्या तशाच राहिल्या तर गणपतीच्या सुट्टीत तिथे पुन्हा सेंट्रिंग लागतं.